नांदगावच्या दुकानाच्या तीन वेबसाइट

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकतं, "भारी दिसली पाहिजे बरं का." नाशिकच्या इंदिरानगरात एका डेअरीच्या वर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. तिथं आजवर डॉक्टर आले, बिल्डर आले, क्लासवाले आले, सगळ्यांना वेबसाइट भारी दिसायला हवी होती. ती लोकांना सापडली पाहिजे, सापडल्यावर वापरता आली पाहिजे, असं म्हणणारं माणूस मला फार उशिरा भेटलं.

एका मंगल कार्यालयाचे मालक तर साइट उघडली की सनई वाजलीच पाहिजे म्हणून अडून बसले. मी पुष्कळ भांडलो. शेवटी लावली सनई. आता, मुलीचे वडील हॉल कधी बघतात? दुपारी, कचेरीत, साहेबाची नजर चुकवून. फोनमधून एकदम सनई सुरू झाली की माणूस आधी फोन बंद करतो. महिन्याभरानं मालक माझ्यावरच उखडले, "लोक येतात आणि लगेच पळतात, तुम्ही काहीतरी बिघडवलंय." त्यावर मी त्यांना जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

मी मूळचा पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, हे माझं काम. फ्लेक्स आला आणि ब्रश कोपऱ्यात गेला, तेव्हा मी फ्लेक्स शिकलो. पुढं लोक मान वर करून पाटी बघायच्याऐवजी मान खाली घालून फोन बघू लागले, तेव्हा कॉलेजच्या पोरांशेजारी बाकावर बसून वेबसाइट शिकलो. फी भरून शिकलो, उपकार कुणाचे नाहीत. म्हणून "तुम्हाला यातलं कळत नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तरीही ज्या बाईनं मला ते तोंडावर म्हटलं, तिच्याबद्दलच आज लिहायला बसलो आहे.

नांदगावात नानांचं मळणी यंत्राच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जाळ्या, पट्टे, बेअरिंग, पंखे असा सगळा लोखंडी माल. नानांचा मुलगा नोकरीला. नानांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी सुनेला, वैशालीवहिनींना, "चार दिवस काउंटरवर बस" म्हणून बसवलं. चार दिवसांत त्या जाळीच्या भोकांवरून यंत्राची कंपनी ओळखू लागल्या आणि मग उठल्याच नाहीत. सहा वर्षं झाली. पण नानांच्या लेखी सून दुकानात बसत होती, दुकान चालवत नव्हती. शेजारचा मोबाइलवाला आपलं दुकान वाढवायला हा गाळा भाड्यानं मागत होता. नानांनी सुनेला सांगून टाकलं, "मका निघेपर्यंत बघू. बाहेरगावचं गिऱ्हाईक वाढलं तर ठेवू दुकान. नायतर गाळा देऊन टाकू. तुलाबी घरी आराम."

वहिनींना आराम नको होता, तो काउंटर हवा होता. म्हणून त्यांनी मला फोन केला. वेबसाइटची कल्पना त्यांची, माझी नव्हे. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर श्रेय घ्यायला बरेच जण पुढं आले.

बोलावलं वहिनींनी, पण बोलायला बसले नाना. त्यांच्या दुकानाची पहिली पाटी मीच रंगवलेली, त्यामुळे ते मला अजून पेंटरच म्हणतात.

"पेंटर, अशी कर की मालेगावच्या दुकानदारांचे डोळे दिपले पाहिजेत."

मी दिपवले. उगवता सूर्य, हिरवंगार शेत, मधोमध चकाकणारं यंत्र, वर गणपती, कोपऱ्यात नानांच्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा हार घातलेला फोटो, आणि सोनेरी कडा असलेल्या अक्षरांत दुकानाचं नाव, मालाची यादी, फोन नंबर. सगळं एका चित्रात. चूक इथंच झाली. वेबसाइट करायला मला येत होती, पण हात अजून फ्लेक्सचा होता. फ्लेक्सवर अक्षरं आणि चित्र एकाच कापडावर छापलेली असतात, तशी मी ती एकाच चित्रात बसवली. माणसाला ती वाचता येतात. पण आपण फोनमध्ये काही शोधतो तेव्हा आपल्यासाठी धुंडाळणारं जे यंत्र असतं, ते पानावर टाइप केलेली अक्षरं वाचतं. चित्रात रंगवलेलं "मळणी यंत्र" आणि चित्रातला सूर्य त्याच्या लेखी जवळपास सारखेच, रंगाचे ठिपके. शिवाय चित्र एवढं जड की रेंज नसलेल्या शिवारात ते उघडेपर्यंत माणूस दुसरीकडे फोन लावून मोकळा. आणि नंबर चित्रातच असल्यानं त्यावर बोट ठेवून फोनही लागत नव्हता.

हे सगळं मला तेव्हा पुस्तकापुरतं माहीत होतं. काम करताना आठवलं नाही, कारण चित्र फार सुंदर जमलं होतं. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. नाशकातल्या एका व्यावसायिक संघटनेनं स्पर्धेत तिला सर्वोत्तम वेबसाइट ठरवून मला शाल दिली. आणि आठवड्याभरात वहिनींचा फोन.

"भाऊ, साइट लय देखणी हे."

"मग?"

"नुसती देखणीच हे. महिना झाला, बाहेरगावचा एक फोन नाय. मी सोता शोधली, मला सापडली नाय. माझी असून."

"वहिनी, तिला बक्षीस मिळालंय."

"बक्षीस देणाऱ्यांतल्या किती जणांकडं मळणी मशीन होतं?"

माझा पारा चढला. "तुम्हाला डिझाइनमधलं काय कळतं?"

"काय नाय कळत. तुम्हाला मशीनमधलं काय कळतं? न कळणाऱ्या दोघांनी मिळून केली, म्हणून अशी झाली. या एक दिवस. काउंटरवर बसा. बोलायचं नाय, नुसतं ऐकायचं."

घासाघीस केल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट मान्य करता येत नाही. म्हटलं, "अर्धा दिवस. आणि जेवण तुमच्याकडे."

"जेवण देते. पण दिवस पूर्ण."

गेलो. बसलो. पहिलाच फोन आला तो असा, "ताई, मशीन खोकतंय."

मला हसू आलं. वहिनींना नाही. त्यांनी विचारलं, "कोरडं खोकतंय का छातीत कफ झाल्यावानी?"

"कोरडं."

"फोन मशीनपाशी धरा. चालू करा. हां... बस, बंद करा. पट्टा सैल झालाय दादा. पार्ट नका घेऊ. मोटरीखालचे दोन नट आवळा."

फोन ठेवल्यावर मी न बोलायचा करार मोडला. "वहिनी, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं?"

"नको तो पार्ट घेऊन गेला असता तर पुन्हा कधी आला नसता. आता येईल."

दुसऱ्याचे दाणे भुशासोबत उडत होते. तिसऱ्याचं मशीन कणसं गिळत नव्हतं. चौथ्याचा दाणा फुटून येत होता. कुणीही कंपनीच्या छापील यादीतलं एक नाव घेतलं नाही. आणि ही बाई डोळे मिटून ऐकायची, दोन प्रश्न विचारायची आणि फळीवरून नेमका तोच भाग काढायची. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली, त्यांतली बरीच स्वतःच्या हुशारीबद्दलच बोलत होती. समोरच्याच्या तोंडातून निघालेला शब्द इतका जपून उचलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. वहिनी शब्द उचलायच्या म्हणजे खरोखरच उचलून ठेवायच्या. काउंटरखाली शाळेची दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर गिऱ्हाईक काय म्हणालं, जसंच्या तसं. उजव्या पानावर काय बिघडलं होतं आणि कुठला भाग लागला.

ती वही चाळताना माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस काउंटरवर जे बोलतो तेच शोधताना फोनलाही सांगतो. हल्ली तर टाइपही करत नाहीत, तोंडाशी फोन धरून सांगतात, "मशीन कणसं गिळत नाही." आणि आपण वेबसाइटवर काय लिहितो? "दर्जेदार सुटे भाग, विश्वासाची परंपरा." असं कोण शोधायला जातं?

जेवायला बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. जेवताना मी वही मागितली. वहिनी म्हणाल्या, "इथंच उतरवून घ्या. ही दुकानाबाहेर जात नाय." मी दिवसभर उतरवत बसलो.

दुसरी साइट मी जरा रुसूनच केली. चित्र नको ना? घ्या. सूर्य काढला, शेत काढलं, सोनं काढलं. वहीतली वाक्यं एकाखाली एक, नुसती अक्षरं. सातबाऱ्याचा उताराही जास्त सजलेला वाटावा. पण शोधणाऱ्या यंत्राला ती वाचता आली. थोड्या दिवसांत लोक साइटवर येऊ लागले. येऊ लागले, फोन मात्र करेनात.

"आता सापडते," वहिनी म्हणाल्या, "पण आत आल्यावर माणूस हरवतो. किती खाली सरकवायचं?"

मी ओरडलोच. "आधी चित्र नको होतं, आता नुसती अक्षरं नकोत! काय ते एक ठरवा."

"दोन्ही पाहिजे. दिवाळीला दारात रांगोळी काढता ना तुम्ही? मोठी काढता, रंग भरता. पण माणूस आत येईल एवढी वाट ठेवता का नाय?"

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण आमचं सगळं काम एवढ्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी एक युक्ती केली, जी मला सुचली नसती. मला म्हणाल्या, यादीच्या वर यंत्राचा एक फोटो टाका. टाकला. दुकानाचा जुना फोन त्यांनी काउंटरवर ठेवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला सुरुवात केली. "दादा, तुमचं मशीन काय करतं ते यात शोधून दाखवा बरं." यंत्र उघडून आलेली माणसं, सगळ्यांचे हात ग्रीसनं काळे. दुपारी त्यांनी तो फोन उजेडात तिरका धरला आणि मला दाखवला. काचेवर काळ्या अंगठ्यांची दाटी झाली होती. पण यादीवर फारशी नव्हती. फोटो जिथं होता तिथं, यंत्राच्या तोंडाशी, पंख्यापाशी, खालच्या जाळीपाशी.

"दुखतंय तिथं बोट ठेवतात," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरकडं गेल्यावर आपण ठेवतो तसं."

ठेवत होते, पण तिथं काहीच उघडत नव्हतं. शहरातल्या कंपन्या लोक कुठं बोट लावतात ते कळावं म्हणून महागडी साधनं घेतात. नांदगावात ते काम ग्रीसनं केलं आणि ते वाचलं एका बाईनं.

म्हणजे चित्र हवंच होतं, पण सजावटीचं नव्हे, दाराचं. फोटो चालेना, कारण त्यात अर्धे भाग सावलीत जातात आणि भर उन्हात शेतात तो दिसतही नाही. मी बऱ्याच वर्षांनी ब्रश धुतला. दुकानामागं एक यंत्र उघडून ठेवलं होतं, त्याच्यासमोर दोन दिवस बसून ते कागदावर काढलं. जाड काळ्या रेघा, प्रत्येक भागाला वेगळा ठसठशीत रंग. वहिनी मागून सूचना करत होत्या, "पंखा एवढा छोटा नाय. लोकांना त्याचाच जास्त त्रास, मोठा काढा." चित्र हलकं केलं, पटकन उघडेल असं. पंख्यावर बोट ठेवलं की पंख्याचं पान. त्यावर वहीतली वाक्यं, टाइप केलेली, मोठ्या अक्षरांत, आणि खाली अंगठा सहज पोचेल तिथं फोनचं बटण. डोळ्याला चित्र, बोटाला वाट आणि शोधणाऱ्या यंत्राला वाचायला अक्षरं, तिघांची सोय झाली.

सगळं जमलं असताना नाना आले.

"आप्पा कुठं हेत?"

मी सांगितलं, दुकानाच्या माहितीच्या पानावर आहेत. नानांना ते पसंत नव्हतं. आप्पा पहिल्या पानावर, सगळ्यात वर हवे. मी समजावलं, फोनचा पहिला पडदा म्हणजे बाजारपेठेतल्या कोपऱ्यावरचा गाळा. तिथली बोटभर जागासुद्धा मी फुकट जाऊ देत नाही. नाना म्हणाले, निम्मी जागा. मी म्हटलं, नखाएवढी, तीही खाली. ते पाव हिश्श्यावर आले. मी हटलो नाही, आणि तोंडातून निसटलं, "नाना, ज्याचं मशीन बंद पडलंय त्याला तुमच्या वडलांचं काय?"

"पेंटर," नाना उठून उभे राहिले, "चालता हो."

मी पिशवी उचलली. वहिनी इतका वेळ चित्राकडं बघत होत्या. त्यांनी यंत्राच्या तोंडापुढं बोट ठेवलं. "इथं माणूस नाय."

"कुठला माणूस?"

"माल टाकणारा. लोक लय जवळ उभे राहतात, बाही ओढली जाते. कुठं उभं राहायचं, हात कुठवर न्यायचा, ते चित्रात पाहिजेच. मग कोणीतरी काढायचाच हे तर आप्पा काढा."

मी पिशवी खाली ठेवली. आप्पांचा फोटो समोर घेऊन मी त्यांना यंत्रापुढं उभं केलं, बाह्या दुमडलेल्या, टोपी, मिशा, हात योग्य अंतरावर. नाना चित्रावर वाकले. मग म्हणाले, "टोपी जरा तिरकी कर. आप्पा सरळ घालत नव्हते."

ही तिसरी साइट मी त्याच संघटनेच्या पुढच्या स्पर्धेला पाठवली. एक परीक्षक म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे, पण चित्र हातानं काढल्यासारखं वाटतं." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हातानंच काढलंय. पायानं काढून पाठवू का?" मला बसायला सांगण्यात आलं. मी बसलो नाही, निघून आलो, तो अजून त्यांच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलेलो नाही. जिनं एकही गिऱ्हाईक आणलं नाही तिला शाल आणि जिनं आणलं तिला "प्रयत्न चांगला". हा राग माझ्या मनातून जात नाही आणि तो जावा असा माझा प्रयत्नही नाही. त्याहून एक गोष्ट जास्त लागते. त्या शालीच्या वेळी व्यासपीठावर भाषण करताना मी वैशालीवहिनींचं नाव घेतलं नव्हतं. तेव्हा घेण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नव्हतं.

मक्याचा हंगाम आला. येवल्याहून, चाळीसगावकडून, वैजापूरकडून फोन येऊ लागले. नाना ऐकत होते, पण दुकान ठेवायचं की नाही ते सांगत नव्हते. मोबाइलवाल्यालाही त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. हंगाम संपत आला तेव्हा एक दिवस मी साइटवर काही नवीन वाक्यं चढवायला दुकानात गेलो, तर तो मोबाइलवाला नानांसमोर चहा पीत बसलेला. हातात टेप, कपाटं कुठं बसतील ते मोजायला आलेला. वहिनी मागच्या गोडाउनमध्ये होत्या. मुद्दाम गेल्या असाव्यात.

काउंटरवरचा फोन वाजला. नानांनी उचलला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज सगळ्या दुकानाला.

"मळणी मशीनचं दुकान ना? मी हरसूलकडून बोलतो. भाताचा मशीन बंद पडलाय. खळ्यावर माणसं बसून आहेत."

"हरसूल? त्र्यंबकच्या पल्याडचं?" नाना चक्रावले. "अहो, आम्ही नांदगावला हे. आमचा नंबर कोणी दिला?"

"कोणी नाय दिला. बायकोनं फोनला सांगितलं, मशीन पेंढी ओढत नाही, तर तुमचं चित्र आलं. तो टोपीवाला बाबा उभा आहे बघा, त्याच्या हाताखाली पट्टी दिसते ना, तीच तुटली."

नाना म्हणाले, "तो टोपीवाला... माझा बाप हे."

"असं का? चांगला उभा केलाय. माझ्या माणसांना तेच दाखवलं आता, एवढं लांब उभं राहा म्हणून. पण पट्टी आज बसमधनं पाठवाल का? आणि त्याच्यासंगं अजून काय लागंल?"

नानांनी फळीकडं पाहिलं. सहा वर्षांत तिथली मांडणी बदलली होती. मग माझ्याकडं पाहिलं. मला उत्तर ठाऊक होतं, वही उतरवताना वाचलेलं. पण मी तोंड उघडलं नाही.

"थांबा हां," नाना फोनमध्ये म्हणाले. "मला त्यातलं काय कळत नाय. मालकीण आत हे, तिला बोलावतो."

आणि त्यांनी गोडाउनच्या दिशेनं हाक मारली. मोबाइलवाल्यानं कप खाली ठेवला आणि टेप गुंडाळायला घेतली.